ल्योंची त्राबूलं: फ्रेंच शिकत केलेली पायपीट

ल्यों शहर बघायला येणारे बहुतेक जण आधी व्ह्यो-ल्यों या जुन्या वस्तीत उतरतात. मेट्रोच्या डी मार्गावर याच नावाचं स्थानक आहे, बाहेर पडलं की सँ-जाँचे दगडी रस्ते सुरू. 1964 साली फ्रान्सनं कायद्यानं संरक्षण दिलेली ही पहिली जुनी वस्ती. सुंदर आहे, वादच नाही. पण माझ्यासारखं पुण्यात क्लास लावून कामापुरतं फ्रेंच शिकून गेला असाल, तर इथे तोंड उघडायची संधी फारशी मिळत नाही. आपण अडखळत दोन वाक्यं जुळवेपर्यंत वेटरनं इंग्रजी मेनू पुढे ठेवलेला असतो.

तरी इथली त्राबूलं चुकवू नका. त्राबूल म्हणजे इमारतींच्या पोटातून आरपार जाणारी वाट. एका रस्त्यावरच्या साध्या लाकडी दारातून शिरायचं, अंगणं आणि गोल जिने ओलांडायचे आणि मागच्या रस्त्यावर निघायचं. र्यू सँ-जाँवरच्या 54 नंबरच्या दारातून आत गेलं की र्यू द्यू बफच्या 27 नंबरला बाहेर येतो. वस्तीतलं सगळ्यात लांब त्राबूल हेच. सकाळीच जा, संध्याकाळी बरीच दारं बंद असतात. दाराशेजारी बटण असेल तर ते दाबून ढकलायचं. वर लोक राहतात, त्यामुळे आत मोठ्यानं बोलायचं नाही, तशा पाट्याही आहेत. त्या पाट्या, टपालपेट्यांवरच्या सूचना, घरमालकाच्या तंब्या असं सगळं थांबून वाचत जा. पाठ्यपुस्तकात न भेटलेली आज्ञार्थी रूपं इथे ढिगानं सापडतात.

माझा खरा जीव रमला तो क्र्वा-रूसच्या टेकडीवर. मेट्रोच्या सी मार्गाची दातेरी रुळांवरची गाडी वर नेते, म्हणून चढण गाडीनं आणि उतरण पायी असा बेत ठेवा. ही रेशीम विणणाऱ्यांची, म्हणजे कान्यूंची वस्ती. कापडात नक्षी विणणारे उंच जॅकार्ड माग मावावेत म्हणून इथल्या घरांची छतं चार मीटरच्या आसपास ठेवलेली. येवल्यात सेमी पैठणी ज्या जॅकार्डवर निघते, तो ज्याच्या नावाचा आहे तो जोझेफ-मारी जॅकार्ड ल्योंचाच, वरच्या चौकात त्याचा पुतळा आहे. मजुरीच्या दरावरून 1831 मध्ये कान्यूंनी उठाव केला, 1834 मध्ये पुन्हा. र्यू दिव्हरीवरच्या मेझों दे कान्यू या संग्रहालयात माग चालवून दाखवतात. ती माहिती फ्रेंचमधूनच ऐका. डोळ्यांसमोर धोटा पळत असतो, त्यामुळे निम्मे शब्द कळले नाहीत तरी अर्थ लागतो.

टेकडीवरच्या बुलव्हारवर, म्हणजे रुंद हमरस्त्यावर, सकाळी भाजीबाजार भरतो. आकड्यांचा सराव करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. ब्याण्णव म्हणायचं तर ‘चार-वीस-बारा’, म्हणजे चार विसा आणि वर बारा! एकोणऐंशी आणि एकोणनव्वदमध्ये घोळ घालत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी कुरकुर करू नये म्हणा. आधी ‘बोंजूर’, मग भाव. थेट भाव विचारला तर विक्रेता रुसतो. जर्दाळू अर्धा किलो मागा, चिल्लर मोजून द्या, मागे रांग नसेल तर दोन वाक्यं जास्त बोला. इथे कोणी घाईनं इंग्रजीकडे वळत नाही.

तिथून उतरताना प्लास कोलबेरच्या 9 नंबरमधून कूर दे व्होरासमध्ये शिरा. अंगणावर झुकलेला तो प्रचंड उघडा दगडी जिना पाहायलाच हवा.

जेवायला ‘बूशों’ म्हणजे इथल्या खानावळी. बाराच्या सुमारास गाठा, दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं. पदार्थ बहुतेक मांसाचे. शाकाहाऱ्यांनी ‘सेर्व्हेल द कान्यू’ मागवावं. नावाचा अर्थ ‘कान्यूचा मेंदू’ असला तरी घाबरू नका, ताज्या चीजमध्ये लसूण आणि हिरव्या पाल्याचं ते मिश्रण असतं. पावासोबत छान लागतं. बूट मात्र जाड तळव्याचे घाला, आणि टेकडीचा बेत सोमवारी ठेवू नका, त्या दिवशी बाजार नसतो.