स्पायनल शिकवताना अल्ट्रासाउंड: खुणेइतकाच कोनही महत्त्वाचा

स्पायनल म्हणजे कमरेत मणक्यांच्या फटीतून सुई घालून दिलेली भूल. ती शिकवताना नव्या रेसिडेंटच्या (शिकाऊ डॉक्टरच्या) हातात अल्ट्रासाउंडचा प्रोब देण्याआधी त्याची बोटं चालू द्या. दोन्ही बाजूंच्या इलियाक क्रेस्ट (कमरेच्या हाडांचे वरचे काठ) चाचपून सुईची ही जागा कोणत्या मणक्यांमधली, हे त्याने आधी सांगायचं आणि मग अल्ट्रासाउंडने पडताळायचं. निव्वळ हाताने ठरवलेली जागा एखाद्या मणक्याने सहज चुकते, तीही बहुधा वरच्या बाजूला. कॉर्ड (मज्जारज्जू) साधारण एल१-एल२ पाशी, म्हणजे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, काहींचा त्याच्याही खाली, म्हणून या चुकीला माफी नाही.

कर्व्हिलिनियर (वक्र तोंडाचा) प्रोब, २ ते ५ मेगाहर्ट्झ, डेप्थ ७-८ सेंमी. पेशंट बसलेलाच हवा, स्पायनल देणार त्याच स्थितीत. मध्यरेषेपासून २-३ सेंमी बाजूला प्रोब उभा धरून किंचित आत झुकवा. सेक्रमची (कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाची) सलग पांढरी रेषा जिथे तुटते, ती एल५-एस१ ची, म्हणजे कमरेचा शेवटचा मणका आणि सेक्रम यांच्यामधली फट. तिथून वर मोजत जा. करवतीच्या दातांसारख्या दिसतात त्या लॅमिना (मणक्यांच्या मागच्या कमानी). त्यांच्यामधल्या फटीत वरची पांढरी रेषा लिगामेंटम फ्लेव्हम (मणके जोडणारा अस्थिबंध) आणि ड्युराची (मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाची), खालची व्हर्टिब्रल बॉडीच्या (मणक्याच्या पुढच्या मुख्य भागाच्या) मागच्या पृष्ठभागाची.

मग प्रोब आडवा करा. स्पायनस प्रोसेसची (मणक्याच्या पाठीमागे आलेल्या टोकाची) काळी सावली म्हणजे मध्यरेषा. सावली संपून त्याच दोन रेषा दिसल्या की प्रोबच्या चारही कडांच्या मध्यावर खुणा करा आणि त्या जोडा.

नवशिका खूण जपतो आणि कोन विसरतो. रेषा स्पष्ट दिसण्यासाठी प्रोबचं शेपूट (वायरकडचं टोक) पायांकडे झुकवावं लागलं असेल, तर सुईही तितकीच डोक्याकडे रोखायला हवी. प्रोब उचलण्याआधी रेसिडेंटला तो बाजूने बघून हा कोन मोठ्याने सांगायला लावा. एवढं एक पाळलं तरी सुई पुन्हा पुन्हा वळवणं बरंच कमी होतं.

त्वचेपासून वरच्या रेषेपर्यंतचं अंतर मोजून ठेवा. प्रोब दाबलेला असेल तर ते काही मिलिमीटरने कमी भरतं. मोजमाप ५ सेंमी असताना मध्यरेषेत ३ सेंमीवरच हाड लागलं, तर बहुधा खालच्या स्पायनस प्रोसेसचा वरचा काठ लागलाय. सुई त्वचेखालपर्यंत मागे घ्या आणि मगच थोडी डोक्याकडे वळवा. आतल्या आत वाकवलेली २५ गेजची बारीक सुई दिशा बदलत नाही, नुसती वाकते.

जेल पूर्ण पुसल्याशिवाय पेंटिंग (जंतुनाशक लावणं) नको, ते सुईबरोबर आत जाता कामा नये. मार्करची शाई स्पिरिटने निघते, म्हणून सुईचं टोपण दाबून वळ उठवा आणि शाईतून सुई घालू नका. पेशंट जरा जरी सरकला तरी त्वचा हाडांवरून घसरते, मग स्कॅन पुन्हा करायचा.

सुरुवात सडपातळ पेशंटपासून करा. खरा उपयोग स्थूल पेशंटमध्ये किंवा स्कोलिओसिसमध्ये (कणा बाजूला वाकलेला असताना) होतो, पण तिथलं धूसर चित्र वाचायला आधी स्वच्छ चित्र डोळ्यांत बसलेलं लागतं.