चक्रांचा हिशेब

लहानपणी दुपारी आजी माझी बोटे खिडकीच्या उजेडाकडे धरून शंख-चक्रांची मोजदाद करायची. बोटाच्या पेरावरील रेषा गोल गोल फिरल्या असतील तर ते चक्र, आणि एका बाजूने आत शिरून, वळसा घेऊन त्याच बाजूने बाहेर पडत असतील तर तो शंख. दहाही बोटांवर चक्रे असलेला मुलगा राजा होतो, असे तिचे ठाम मत होते. माझ्या वाट्याला दोनच चक्रे आली होती, एक उजव्या अंगठ्यावर आणि दुसरे त्याच हाताच्या अनामिकेवर. त्यामुळे राजेपणाचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

पुढे ठसेशास्त्राविषयी वाचू लागलो तेव्हा आजीची मोजदाद पोलिसांच्या मोजदादीपासून फारशी दूर नव्हती, हे पाहून गंमत वाटली. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे जगातील पहिले कार्यालय सुरू झाले, आणि तिथली वर्गवारीची पहिली पायरी केवळ चक्रांवर उभी होती. उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत बोटांना क्रमांक द्यायचे, दोन-दोन बोटांच्या पाच जोड्या करायच्या, आणि चक्र ज्या जोडीत असेल त्यानुसार त्याला १६, ८, ४, २ किंवा १ असे गुण द्यायचे. शंखाला आणि कमानीला, म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडणाऱ्या रेषांना, शून्य. मग सम क्रमांकांच्या बोटांची बेरीज अंशस्थानी, विषम क्रमांकांची छेदस्थानी, आणि दोन्हीकडे एकेक मिळवायचा. या हिशेबाने मी ९/१७ ठरतो. असे एकूण १,०२४ गट होतात, आणि तेवढे खण असलेल्या कपाटात ठशांचे हजारो कागद लावले, तरी कारकुनाला नेमक्या खणापाशी जाता येते.

ही पद्धत एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने जगभर गेली. तिच्यामागचे गणित मात्र त्याच्या हाताखालच्या अझिझुल हक यांचे, आणि त्यांच्या जोडीला हेमचंद्र बोस होते. सरकारने पुढे एकाला खानबहादूर आणि दुसऱ्याला रायबहादूर केले. खरे तर ‘अंगठेबहाद्दर’ हा किताब सन्मानाने द्यावा अशी हीच दोन माणसे.

अर्थात, ९/१७ म्हणजे मी नव्हे. त्या खणात माझ्यासारखे अनेक असणार. माणूस सापडतो तो चक्रात नव्हे, तर रेषांच्या बारीकसारीक खोडींत: एखादी रेषा मध्येच थांबते, एखादीला फाटा फुटतो, दोन रेषांमध्ये एखादा ठिपका एकटाच बसलेला असतो. आईच्या पोटात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास या रेषा उमटू लागतात, आणि त्यांच्या जडणघडणीत इतका योगायोग असतो की एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे जुळत नाहीत. मध्यंतरी मी ताक पिऊन झाल्यावर स्टीलच्या पेल्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि मऊ कुंचल्याने झटकली. पहिल्या प्रयत्नात नुसता पांढरा डाग राहिला. दुसऱ्या खेपेस हात हलका ठेवला, तेव्हा अंगठ्याच्या घामातेलाला धरून रेषा उभ्या राहिल्या, आणि भिंगातून चक्राच्या डावीकडचा एक फाटा स्पष्ट दिसला. कागदावरच्या ठशाला ही युक्ती फारशी चालत नाही. तिथे निनहायड्रिन लावतात, ते घामातील अमिनो आम्लांशी संयोग पावून जांभळा रंग देते. प्लॅस्टिकच्या पिशवीला झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ देतात, म्हणजे ठसा पांढरा होऊन वर येतो.

माझ्या पेल्यावर निदान अर्धा अंगठा तरी उमटला होता. गुन्ह्याच्या जागी मिळतो तो बहुधा फरपटलेला, अपुरा तुकडा, आणि तो जुळतो की नाही हे अखेर तज्ज्ञाच्या डोळ्यांनी ठरवायचे असते. २००४ साली माद्रिदच्या रेल्वे-स्फोटांनंतर एका पिशवीवर मिळालेला ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगनमधील एका वकिलाचा ठरवला आणि त्याला अटकही केली. स्पेनच्या पोलिसांनी तो एका अल्जीरियन माणसाचा असल्याचे दाखवून दिले तेव्हा तो सुटला. दोन माणसांचे ठसे एकसारखे निघाले होते असे नव्हे, चूक पाहणाऱ्याची होती. म्हणून ‘ठसा जुळला’ हे वाक्य बातमीत वाचले की किती ठसा होता आणि तो किती जणांनी स्वतंत्रपणे तपासला, हे विचारावेसे वाटते.

आमच्या घरात सध्या अडचण आहे ती ठसा उमटतच नाही, ही. आईचे वय झाले, आणि धुणी-भांड्यांनी रेषा इतक्या झिजल्या की रेशनच्या दुकानातील यंत्र तिला ओळखत नाही. “काकू, बोट पुसा, जरा दाबून धरा,” असे दुकानदार म्हणतो, ती पदराला बोट पुसते, अंगठा झाला, तर्जनी झाली, आणि मागची रांग खाकरू लागते. गेल्या महिन्यात चौथ्या प्रयत्नात डावी, करंगळीशेजारची अनामिका लागू पडली. घरी आल्यावर मी तिची बोटे खिडकीपाशी धरून भिंगातून पाहिली. अनामिकेवर चक्र होते. अंगठ्यावर काय होते ते मात्र तिलाही आठवेना, कारण तिची बोटे लहानपणी कुणी मोजलीच नव्हती.