जर्मन कॅमोमाईल: तोडणीपासून निळ्या तेलापर्यंत

जर्मन कॅमोमाईल या औषधी फुलझाडाच्या रोपवाटिकेचा भाग मागच्या नोंदीत येऊन गेला. त्यातलं एकच राहिलं होतं: हजार बियांचं वजन जेमतेम 0.1 ग्रॅम भरतं, म्हणून बी बारीक वाळूत मिसळून फेकायचं आणि वर माती लोटायची नाही. उगवायला उजेड लागतो.

तोडणी. पांढऱ्या पाकळ्या आडव्या पसरल्या की फूल तयार. त्या खाली लोंबल्या की उशीर झाला. देठ शक्य तितका आखूड ठेवायचा, कारण देठात तेल नगण्य आणि तेल काढायच्या (वाफेवर ऊर्ध्वपातन करायच्या) भांड्यातली जागा मात्र तोच खातो. जात पक्की करायला पिवळं बोंड उभं चिरून बघा. आत पोकळ असेल तर जर्मन (मॅट्रिकेरिया कॅमोमिला), भरीव असेल तर रोमन, नाहीतर एखादं भलतंच तण.

वाळवण सावलीत, एका थरात, 40 अंशांच्या आत. साधारण 5 किलो ताज्या फुलांची 1 किलो होतात. सारखी वरखाली केली तर बोंडं फुटून भुगा होतो. तो भांड्यातल्या जाळीवर दाट बसला की वाफ एखाद्या फटीतून वाट काढते आणि बाकीचा माल कोराच राहतो. म्हणून भरताना दाबायचं नाही, सैल भरायचं.

आता भट्टी. निळा रंग फुलात नसतोच. फुलात असतं मॅट्रिसिन नावाचं रंगहीन द्रव्य. वाफेच्या उष्णतेत ते मोडून त्याचं कॅमाझुलीन होतं, आणि निळाई त्याची. त्यामुळे तिळाच्या किंवा खोबरेल तेलात फुलं मुरवून कोणी शाई‌सारखं निळं तेल दाखवलं, तर रंग बाहेरून आला आहे असं खुशाल समजा.

घाई केली की नुकसान इथेच होतं. तेलातला फार्नेसीन हा घटक लवकर येतो. बिसाबोलॉल हा दुसरा घटक आणि त्याची ऑक्साइडं जड, ती मागून येतात. 4 तास ही खालची मर्यादा धरा, 6 ते 8 तास चालवलं तर बरं. युरोपियन फार्माकोपियाची (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथाची) अट वाळलेल्या फुलांच्या किलोमागे किमान 4 मिली तेलाची आहे. घरच्या भांड्यात 2–3 मिली हाती लागलं तरी नाराज होऊ नका, बरंचसं तेल नळीतच अडकलेलं असतं.

त्याचं कारण कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करणारी नळी. तेल दाट आहे. पाणी फार गार सोडलं तर ते नळीच्या आत निळ्या ओघळांनी चिकटून बसतं. शेवटच्या टप्प्यात पाण्याचा प्रवाह कमी करा, नळी हाताला कोमट लागली पाहिजे. वाफ निसटत नाही ना, याकडे तेवढं लक्ष असू द्या. प्रयोगशाळेत मोजणीच्या नळीत थोडं झायलीन (एक रासायनिक द्रावक) घालतात. ते मोजण्यापुरतंच, ते तेल अंगाला लावायचं नाही.

दुसरी अडचण सेपरेटरची, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याची. या तेलाची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे ते पटकन वर येत नाही आणि पाणी निळसर गढूळ दिसतं. ते पाणी पुन्हा भांड्यात सोडायचं. शेवटच्या पाण्यात मीठ विरघळवलं तर पाणी जड होऊन तेल सुटतं, पण मग ते पाणी हायड्रोसोल (फुलांचं सुगंधी पाणी) म्हणून वापरता येत नाही.

साठवण गडद काचेत, बाटली गळ्यापर्यंत भरून, फ्रिजमध्ये. हवा आणि उजेड लागला की तेल आधी हिरवं आणि मग तपकिरी होतं. तपकिरी तेल त्वचेसाठी बाद.

वापर मुख्यतः दाह आणि खाज शमवणाऱ्या मिश्रणांत. 30 मिली बदाम तेलात 0.3 मिली, म्हणजे 1 टक्का. थेंब मोजू नका, दाट तेलाचा थेंब फसवतो, सिरिंज वापरा. पोटात घ्यायचं नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. आणि आपल्याकडे खास जपायचं ते गाजरगवताची ॲलर्जी असलेल्यांनी: कॅमोमाईल, शेवंती आणि गाजरगवत एकाच कुळातली. कोपराच्या आतल्या बाजूला मिश्रणाचा ठिपका लावून दोन दिवस वाट बघा.

विकत घेणाऱ्यांसाठी: ‘ब्लू टॅन्सी’ही कॅमाझुलीनमुळेच निळं असतं, पण ते मोरोक्कोतल्या वेगळ्या झाडाचं. ‘मोरोक्कन कॅमोमाईल’ तिसरंच. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नसेल तर बाटली परत ठेवा.

दुसऱ्या तोडणीची फुलं वाळत घातली आहेत. त्यांच्या दोन खेपा करायच्या, एक निव्वळ बोंडांची, एक देठासकट, आणि तेल वेगवेगळं मोजायचं.