एक्सप्लोरर आणि ॲक्वा टेरा: आठ आठवडे आलटून-पालटून

सलग आठ आठवडे मी एकच नियम पाळला: सोमवारी सकाळी घड्याळ वेळेशी जुळवून हातात घालायचे, रविवारी संध्याकाळी किती सेकंदांचा फरक पडला ते वहीत लिहायचे आणि पुढच्या सोमवारी दुसरे घड्याळ काढायचे. पहिले घड्याळ म्हणजे रोलेक्स एक्सप्लोरर, मॉडेल १२४२७०, व्यास ३६ मिलिमीटर. दुसरे ओमेगा सीमास्टर ॲक्वा टेरा, २०१७ साली आलेल्या पिढीतले, ३८ मिलिमीटरचे, निळ्या डायलचे. दोन्ही पोलादी, दोन्ही स्वयंचलित, दोन्ही ब्रेसलेटवर. दोन घड्याळे ठेवता येतात, पण रोजचे असे एकच असते, आणि ते कोणते हे ठरवण्यासाठी हा खटाटोप.

मापांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात आधी प्रश्न त्याचाच येतो. व्यासातला दोन मिलिमीटरांचा फरक मला जवळजवळ जाणवला नाही. कॅलिपर लावल्यावर लगपासून लगपर्यंत (लग म्हणजे पट्टा जोडतात ती घड्याळाची शिंगे) एक्सप्लोरर सुमारे ४३ आणि ॲक्वा टेरा सुमारे ४५ मिलिमीटर भरले, आणि माझ्या मनगटावर ही दोन्ही मापे सहज मावतात. जाणवते ती जाडी. एक्सप्लोरर साधारण साडेअकरा मिलिमीटर आहे, तर ॲक्वा टेरा बारा मिलिमीटरच्या किंचित वर जाते. तिची काच घुमटाकार आहे आणि मागच्या झाकणालाही काच आहे, त्यामुळे आतली यंत्रणा दिसते खरी, पण शर्टाची बाही खाली सरकताना आधी वरच्या काचेच्या कडेवर अडते आणि मग बोटाने ढकलावी लागते. दिवसातून पंधरा-वीस वेळा हे घडले की तेवढ्याशा फरकालाही वजन येते. एक्सप्लोररचे मागचे झाकण बंद आहे. आतली यंत्रणा दिसत नाही याची पहिल्या दिवशी हळहळ वाटली होती, दुसऱ्या आठवड्यापर्यंत ती विसरलोही होतो.

आता सेकंदांचा हिशेब. रोलेक्स यंत्रणा केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या खोक्यात, बसवल्यानंतर दिवसाला उणे दोन ते अधिक दोन सेकंदांची मर्यादा पाळते. ओमेगाच्या मास्टर क्रोनोमीटर घड्याळांची चाचणी स्वित्झर्लंडच्या मापनशास्त्र संस्थेच्या, म्हणजे मेटासच्या, निकषांवर होते आणि तिथे मर्यादा शून्य ते अधिक पाच सेकंदांची असते. या दोन मर्यादांचा स्वभाव वेगळा आहे, आणि दुसरीत एक व्यावहारिक शहाणपण आहे असे मला वाटते: पुढे गेलेले घड्याळ क्राउन (बाजूची किल्ली द्यायची गुंडी) ओढून सेकंद काटा थांबवला की काही सेकंदांत वेळेवर येते, मागे पडलेल्याला मात्र जवळजवळ मिनिटभर धरून बसावे लागते. माझ्या वहीतले आकडे असे. एक्सप्लोरर सात दिवसांत सरासरी ४ सेकंद पुढे, म्हणजे दिवसाला अर्ध्या सेकंदाहून थोडे जास्त. ॲक्वा टेरा पहिल्या दोन खेपांना १५ सेकंद पुढे गेली; तिसऱ्या खेपेपासून रात्री ती डायल वर करून ठेवण्याऐवजी क्राउन वर येईल अशी कडेवर उभी केली, तेव्हा हा आकडा ९ वर आला. दोन्ही घड्याळे आपापल्या मर्यादेत आहेत, आणि खरे सांगायचे तर आठवड्याला नऊ सेकंदांमुळे कोणाची गाडी चुकत नाही.

हे मोजताना माझी एक फजिती झाली, ती नव्याने मोजायला बसणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. फोनच्या मायक्रोफोनवर चालणाऱ्या टाइमग्राफर ॲपमध्ये, जे टिकटिकीवरून घड्याळाची चाल मोजते, ॲक्वा टेराचा ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आलटून-पालटून फिरणाऱ्या बॅलन्स व्हील या चाकाचा झोका, ३८० अंश दिसला. हे अशक्य आहे. बॅलन्स व्हील इतके फिरले असते तर त्यावरची इंपल्स पिन, म्हणजे धक्का घेणारी छोटी खुंटी, मागच्या बाजूने येऊन आपटली असती आणि घड्याळ पिसाटल्यासारखे पळत सुटले असते. दोन रात्री मी काळजीत काढल्या. मग लक्षात आले की ॲपमधला लिफ्ट अँगल (दर ठोक्याला बॅलन्स व्हील एस्केपमेंटच्या संपर्कात असते तेवढा कोन) मी नेहमीच्या ५२ अंशांवरच ठेवला होता, आणि ॲक्वा टेराच्या ८८०० कॅलिबरमधल्या, म्हणजे त्या क्रमांकाच्या यंत्रणेतल्या, कोॲक्सियल एस्केपमेंटसाठी (एस्केपमेंट म्हणजे यंत्रणेतली ऊर्जा ठोक्याठोक्याने सोडणारी रचना) तो ३८ अंश धरावा लागतो. तेवढे बदलताच तोच आवाज २७८ अंश दाखवू लागला, जो अगदी निरोगी आकडा आहे. सेकंदांचा दर या चुकीने बदलत नाही, फक्त ॲम्प्लिट्यूड फसवतो. इंग्रज घड्याळजी जॉर्ज डॅनियल्स यांनी शोधलेली आणि ओमेगाने १९९९ साली बाजारात आणलेली ही एस्केपमेंट कानालाही वेगळी लागते. ताशी २५,२०० ठोक्यांची तिची चाल एक्सप्लोररच्या २८,८०० पेक्षा संथ आहे, आणि रात्री दोन्ही घड्याळे उशाशी ठेवली तर डोळे मिटूनही कोणते कोणते ते ओळखता येते.

चुंबकत्वाच्या बाबतीत कागदावर ॲक्वा टेरा स्पष्टपणे पुढे आहे. तिची हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्स व्हीलला झुलवणारी बारीक स्प्रिंग, सिलिकॉनची आहे आणि घड्याळ १५,००० गॉसच्या चुंबकी क्षेत्रातही चालते असे प्रमाणित केलेले असते. एक्सप्लोररच्या ३२३० कॅलिबरमध्ये निळी पॅराक्रोम हेअरस्प्रिंग असते, ती निओबियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूची, आणि एस्केपमेंट निकेल-फॉस्फरसची. चुंबकाला तीही सहज दाद देत नाहीत. लॅपटॉप, टॅब्लेटचे चुंबकी कव्हर आणि हेडफोन यांच्या सोबतीत आठ आठवडे काढूनही दोघांच्या चालीत मला काही बिघाड आढळला नाही. एमआरआय यंत्राजवळ काम करणाऱ्याने या मुद्द्यावर निर्णय घ्यावा. माझ्या टेबलावर तो निकाली निघत नाही.

ज्याने निकाल लागतो तो म्हणजे क्लास्प, ब्रेसलेट मिटवणारा खटका. ॲक्वा टेराचे माझ्याकडचे ब्रेसलेट फुलपाखरू पद्धतीने मिटते: दोन पाती मधोमध येऊन बंद होतात, बाहेरून जोड दिसत नाही आणि टायपिंग करताना मनगटाखाली काही टोचत नाही. मनगटावर बसायला याहून देखणी रचना मला माहीत नाही. पण तिच्यात सूक्ष्म जुळवणीची सोय नाही. सकाळी नेमके बसलेले ब्रेसलेट दुपारी, मनगट उष्म्याने फुगल्यावर, त्वचेवर कड्यांचे ठसे उमटवते; एक कडी वाढवली तर सकाळी घड्याळ मनगटाच्या हाडावरून घरंगळून बाहेरच्या बाजूला लोंबते. एक्सप्लोररच्या क्लास्पमध्ये ईझीलिंक नावाची दुमडणारी कडी आहे, जी कोणत्याही हत्याराशिवाय उघडते आणि ब्रेसलेट सुमारे ५ मिलिमीटरने वाढवते. एवढीच सोय: एक तर आखूड, नाही तर लांब. तरीही दुपारी तीनच्या सुमारास घड्याळ काढायचे, नखाने कडी उलगडायची आणि पुन्हा घालायचे, हा दहा सेकंदांचा विधी त्या चारही आठवड्यांत माझ्या अंगवळणी पडला, आणि ॲक्वा टेराच्या आठवड्यात त्याच वेळी हात आपसूक क्लास्पकडे जाऊ लागला. एक्सप्लोररच्या या लांबलचक क्लास्पची किंमतही मोजावी लागली. तिसऱ्याच दिवशी मी लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर हात टेकवला आणि क्लास्पवर एक तिरपा, नखाला लागेल इतका खोल ओरखडा पाडून घेतला. चूक पूर्णपणे माझी. आता त्याच्याकडे पाहून वाईट वाटत नाही; पहिला ओरखडा पडेपर्यंतच घड्याळ जपावेसे वाटते.

शनिवार-रविवार घड्याळ न घालणाऱ्यांसाठी पॉवर रिझर्व्ह, म्हणजे पूर्ण किल्लीवर घड्याळ किती तास चालते, हा आकडा महत्त्वाचा. एक्सप्लोररचा सुमारे ७० तास, ॲक्वा टेराचा ५५ तास. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता पूर्ण किल्ली दिलेले घड्याळ काढून ठेवले, तर हिशेबाने ॲक्वा टेरा सोमवारी पहाटे दोनला थांबायला हवी आणि एक्सप्लोरर सोमवारी संध्याकाळी पाचला. मी एकदा तसे करून पाहिले. ॲक्वा टेरा तीन वाजून चाळीस मिनिटांवर थांबलेली सापडली, आणि तारखेच्या खिडकीत सोमवारची तारीख होती, म्हणजे ५६ तास ४० मिनिटे. एक्सप्लोरर संध्याकाळी पाचलाही चालू होते. म्हणजे पाच दिवसांच्या कामाच्या आठवड्यात एक घड्याळ सोमवारी सकाळी चालू मिळते आणि दुसरे मिळत नाही, आणि ज्याला तारीख लावायची कटकट आहे नेमके तेच थांबलेले असते.

तारखेबद्दल मात्र माझे मत आठ आठवड्यांत बदलले. एक्सप्लोररला तारीख नाही, आणि ही त्याची साधी, स्वच्छ बाजू आहे असे मी आजवर सांगत आलो. प्रत्यक्षात फॉर्म भरताना, सही करताना मी दर वेळी रिकाम्या डायलकडे पाहून मग फोन काढला. ॲक्वा टेराची तारीख सहाच्या जागी आहे, त्यामुळे डायलचा तोल जात नाही, आणि वर्षातून पाचच महिन्यांच्या शेवटी ती हाताने पुढे न्यावी लागते. फक्त रात्री आठ ते पहाटे दोन या काळात ती बदलू नये. मी काटे आधी सहाच्या आसपास आणतो, मग तारीख लावतो.

डायलबद्दल थोडक्यात. निळ्या पार्श्वभूमीवरच्या आडव्या रेघा, ज्या नौकेच्या डेकवरच्या सागवानी फळ्यांची आठवण करून देतात, कलत्या उन्हात फार सुंदर दिसतात. एक्सप्लोररची काळी डायल आणि तीन, सहा, नऊ हे आकडे तसा देखावा करत नाहीत, पण अंधारात, अर्धवट झोपेत, वेळ त्यांच्यावरच लवकर कळते. पाण्याचा प्रश्न दोघांनाही नाही. १०० मीटर काय आणि १५० मीटर काय, मी पोहण्याच्या तलावाच्या तळापलीकडे जाणार नाही.

नवव्या आठवड्यापासून एक्सप्लोरर रोजच्या हातावर राहील, असे सध्या ठरवले आहे, आणि त्यामागे क्लास्प आणि सोमवारची सकाळ ही दोनच कारणे आहेत. त्यातले पहिले कारण घड्याळाचे नसून ब्रेसलेटचे आहे, ही गोष्ट डोक्यातून जात नाही. दोघांच्याही लगमधले अंतर १९ मिलिमीटर आहे, म्हणून सरळ टोकांचा एक साधा कातडी पट्टा मागवला आहे. तो दोन्ही घड्याळांना आठवडा-आठवडा लावून हीच वही पुढे चालू ठेवतो. काल स्प्रिंग बार, म्हणजे लगमध्ये पट्टा धरणाऱ्या दांड्या, काढण्याचा सराव केला, लगच्या आतल्या बाजूला टेप लावून. पट्टा आला की ॲक्वा टेराला आधी.