पाचगणीची हवा आणि दमा

सासऱ्यांना दमा आहे ना, मग पाचगणीला नेऊन ठेवा, असं जो तो सांगतो, कारण पूर्वी टीबीवाले तिथे सॅनिटोरियममध्ये राहायचे. पाचगणी साधारण १३०० मीटरवर, म्हणजे हवेचा दाब मुंबईपेक्षा १४ टक्के कमी आणि ऑक्सिजनही त्याच हिशोबाने कमी, पण धडधाकट माणसाला चढावर जरा धाप लागते, बस्स. सीओपीडीवाल्यांना, म्हणजे फुप्फुसाच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्यांना, मात्र चांगलंच जाणवू शकतं. दम्याचं गणित वेगळंय. स्वित्झर्लंडमधल्या दावोसला दमेकऱ्यांना बरं वाटायचं कारण तिथली हवा कोरडी, त्यात दमा चाळवणारे गादीतले डस्ट माइट, म्हणजे धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, फारसे टिकत नाहीत. आपल्याकडे पाचगणीत जुलैत भिंतींना बुरशी येते हो, तिनेही दमा चाळवतो! न्यायचंच तर पावसाळा संपून भिंती सुकल्यावर न्या, कडाक्याच्या थंडीत नको, आणि इन्हेलर तिथेही चालूच.