जेनकिन्स कंटेनरमध्ये, त्याचे घर मात्र बाहेर

आमच्या टीमचे बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याचे काम) कित्येक महिने खोलीच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकावर चालत असे. त्यावर जावाची नेमकी कोणती आवृत्ती आहे आणि बिल्ड करणाऱ्या मेव्हन या साधनाच्या सेटिंग्जमध्ये शेवटचा बदल कोणी केला, हे खात्रीने सांगू शकेल असा माणूस टीममध्ये उरला नव्हता. म्हणून जेनकिन्स, म्हणजे अशी बिल्ड आपोआप चालवणारे सॉफ्टवेअर, नव्याने उभे करायचे ठरले, तेव्हा ते डॉकरच्या कंटेनरमध्येच, म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या साहित्यासह वेगळा चालवणाऱ्या बंदिस्त चौकटीत, चालवावे, असा आग्रह मी धरला.

सुरुवात सोपी होती. एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीची इमेज, म्हणजे कंटेनरचा तयार साचा, घेतली, वेब पानासाठी ८०८० आणि एजंटसाठी (जेनकिन्सने सोपवलेली कामे करणाऱ्या प्रोग्रामसाठी) ५०००० हे पोर्ट उघडले, लॉगमध्ये उमटलेला पहिला पासवर्ड पानावर टाकला आणि दुपारपर्यंत चार जॉब (जेनकिन्सला ठरवून दिलेली कामे) चालू झाले. व्हॉल्यूमचा, म्हणजे कंटेनरबाहेर डेटा टिकवणाऱ्या जागेचा, विचार मात्र मी केला नव्हता. काही आठवड्यांनी नवी इमेज आली, जुना कंटेनर काढून नवा चालू केला आणि पानावर पुन्हा पहिल्या दिवसाचाच पासवर्ड मागितला गेला. जॉब, प्लगिन (जोडून घेतलेल्या सुविधा), बिल्डचा इतिहास, सगळेच नाहीसे झाले होते. त्या क्षणी पोटात गोळा आला.

सुदैवाने डेटा गेला नव्हता. जेनकिन्सच्या इमेजमध्येच त्याचे होम फोल्डर व्हॉल्यूम म्हणून घोषित केलेले असते, त्यामुळे आपण नाव दिले नाही तरी डॉकर स्वतः एक निनावी व्हॉल्यूम तयार करतो आणि कंटेनर साध्या पद्धतीने काढल्यावर तो मागे राहतो. व्हॉल्यूमच्या यादीत चौसष्ट अक्षरी नावांच्या अनेक ओळी होत्या. एकेक उघडून पाहत गेलो आणि पाचव्या व्हॉल्यूममध्ये आमचे जॉब सापडले. दरम्यान कोणी जागा मोकळी करण्यासाठी न वापरलेले व्हॉल्यूम साफ करण्याची आज्ञा दिली असती, तर तेही गेले असते. त्या दिवसापासून व्हॉल्यूमला ठरवून नाव दिल्याखेरीज मी कंटेनर चालू करत नाही.

पुढे बॅकअपच्या सोयीसाठी होम फोल्डर थेट यजमान यंत्रावरच्या (ज्यावर कंटेनर चालतो, त्या यंत्रावरच्या) फोल्डरला जोडले, तेव्हा कंटेनर सुरू होताच बंद पडू लागला आणि लॉगमध्ये परवानगी नाकारल्याची ओळ दिसू लागली. इमेजमधला जेनकिन्स हा वापरकर्ता १००० क्रमांकाचा असतो आणि आमचे फोल्डर रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, मालकीचे होते. अशा वेळी सर्वांना सर्व परवानग्या देऊन मोकळे होण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; तो मला मान्य नाही, कारण याच फोल्डरात आपले पासवर्ड आणि त्यांच्या किल्ल्या असतात. फोल्डरची मालकी १००० क्रमांकाकडे दिली की काम होते.

डॉकरच्या सॉकेटबाबतही, म्हणजे डॉकरला आज्ञा देण्याच्या मार्गाबाबतही, माझे मत ठाम आहे. जेनकिन्समधून इमेज बांधता याव्यात म्हणून यजमानाचा सॉकेट कंटेनरमध्ये जोडला, तर जेनकिन्सवर जॉब लिहू शकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्या यंत्राचा रूट अधिकारच जातो. आम्ही इमेज बांधण्यासाठी वेगळ्या यंत्रावर एजंट ठेवला आणि मुख्य जेनकिन्सवरचे एक्झिक्युटर, म्हणजे जॉब चालवण्याच्या जागा, शून्य केले.

प्लगिनची यादी आता एका मजकूर फाइलमध्ये आवृत्त्यांसह लिहिलेली असते, ती कोडसोबत गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) राहते आणि इमेज बांधतानाच प्लगिन बसवले जातात. त्यामुळे कंटेनर केव्हाही काढून टाकावा आणि नवा उभा करावा, इतका तो साधा झाला आहे. जपायचे ते होम फोल्डर, आणि तेही सबंध. क्रेडेन्शियल्सची, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची, फाइल एकटी उचलून भागत नाही. ती उलगडण्यासाठी सीक्रेट्स फोल्डरातली मास्टर की लागते आणि तिच्या जोडीला हडसनच्या नावाची एक फाइलही लागते. २०११ मध्ये हडसनचे जेनकिन्स झाले, तरी ते जुने नाव तिथे अजून आहे.

दर महिन्याला मी हा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहतो. वेळापत्रक लावलेले जॉब तिथेही आपोआप सुरू होतात, म्हणून ज्या यंत्रावरून प्रत्यक्ष वापरातल्या (प्रॉडक्शन) सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही, असेच यंत्र त्यासाठी ठेवले आहे. साठवलेले पासवर्ड उलगडतात का ते कळावे म्हणून खासगी रिपॉझिटरीतून (कोडच्या साठ्यातून) कोड घेणारा एक जॉब हाताने चालवतो आणि तो हिरवा झाला की कंटेनर काढून टाकतो.