टोपण नसलेला पेन

सीताबर्डीच्या एका बोळात माझं पेनदुरुस्तीचं टेबल आहे. मे महिन्यात दुपारी कुत्रंही फिरकत नाही. त्यात हा पोरगा घामाघूम होऊन आला आणि रुमालातून पेन काढून ठेवला. "काका, आजोबांचा पार्कर. 15 ऑगस्ट 1947 ला घेतलेला. टोपण हरवलं."

टोपण गेलं की अर्धी ओळख गेली. बाणाची क्लिप, नाव, सगळं त्याच्यावरच. खाली उरतो काळा दांडा आणि प्लास्टिकमध्ये लपलेली निब, टोक तेवढं बाहेर. असल्या तोंडाचे पेन पैशाला पासरी: पार्करचाच 21, 61, वर चिनी हिरो. 61 नव्हता, त्याच्या नाकाडावर धातूचा बारका बाण जडवलेला असतो. मला तर हिरोच वाटला.

मागचा दांडा फिरवून काढला. आत चंदेरी नळी, तिच्या खाचेत रेघांची पट्टी, वर शाईचा थर. वाटीत कोमट पाणी घेऊन बुडवला, पट्टी दाबली. निळं निघालं, मग काळपट, मग परत निळं. तिसऱ्या वाटीनंतर नळीला भिंग लावलं. पार्कर, पुढे अवतरणचिन्हांत 51, आणि पट्टी सहा वेळा दाबा अशी इंग्रजी सूचना.

"अस्सल आहे बाबा!" मी म्हटलं. पोरगा खुलला. तिथंच थांबायला हवं होतं, पण माझी जीभ! 51 बाजारात आला 1941 ला, 1939 मध्ये कंपनीचं 51 वं वर्ष होतं त्यावरून नाव. पण सुरुवातीचे पेन मागचा दट्ट्या दाबून भरायचे. ही चंदेरी नळी आली 1948 ला. मग 1947 ला आजोबांनी घेतला कसा?

पोरगा हिरमुसला. मी दांडा उजेडात तिरका धरला, तर कोरलेली पुसट इंग्रजी अक्षरं दिसली: एम. के. बी.

"आजोबांचं नाव?"

"वामन देशमुख."

म्हणजे सेकंडहँड. त्यानं लगेच वडिलांना फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आवाज आला, "बाबा कोर्टात कारकून होते ना. कोण्या वकिलाचा टेबलावर राहिला असंल."

पोरानं फोन बंद केला. "काका, टोपण मिळंल का?"